आठवणबंदी

माणसानं घर बदलावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मात्र घर बदलताना सामान सगळं नेता येतं, शेजारी नेता येत नाहीत, ही बाब गुणाजी परबाच्या वेळी कोणीच विचारात घेतली नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

गुणाजीचा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत होते. संपात गिरणी बसली तसे ते गावी जाऊन माडांना पाणी घालू लागले. गुणाजी मात्र एका बससेवेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत कारकून झाला. छत्री हरवलेला माणूस ओशाळं तोंड करून समोर उभा राहिला की गुणाजी त्याला आधी खुर्ची द्यायचा, मग पाणी, आणि मग छत्रीचं विचारायचा. एवढी सहानुभूती कुठल्याच कचेरीला परवडत नाही. पण त्याच्यापाशी ती होती, कारण त्याच कचेरीत त्याच्या स्वतःच्या तीन छत्र्या जमा होत्या.

त्याच्या स्वभावाला त्या काळी नाव नव्हतं. गावी त्याला धांदरट म्हणत, शाळेत मास्तर ‘लक्ष कुठं आहे’ म्हणत, आणि कचेरीत नुसतं ‘परब’ म्हटलं की सगळं समजायचं. एक काम हाती घ्यावं, त्यात दुसरं सापडावं, दुसऱ्याच्या नादात तिसरं निघावं आणि संध्याकाळी तिन्ही अर्धी पडलेली असावीत, असा त्याचा दिवस. आळशी म्हणाल तर मुळीच नव्हे. आळशी माणूस इतकी कामं सुरूच करत नाही. उलट एखाद्या गोष्टीत डोकं शिरलं की घरावर दरोडा पडला तरी त्याला पत्ता लागू नये.

चाळीत याचं काही अडलं नाही. तिथं आठवण ही नळासारखी सार्वजनिक सोय होती. दारं सकाळी उघडायची ती निजायच्या वेळीच लागायची, आणि येताजाता जो तो गुणाजीला आठवण टाकून जायचा. गुणाजी, दूध. गुणाजी, अरे पायात दोन जोडांतल्या दोन चपला. गुणाजी, आज पगार आणायचाय, पिशवी घे. चाळीतल्या चाळीस-पन्नास डोक्यांत मिळून गुणाजीचं एक डोकं व्यवस्थित चाललं होतं.

पण विमलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, घरातल्या घरात संडास हवा होता. ही मागणी अवास्तव होती असं कोणी म्हणू नये. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. शेवटी खोली सोडून बोरिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, ‘सुव्यवस्था’ नावाच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या ठरल्या. खोली सोडली म्हणजे परतीचा दोर कापला. आता बोरिवलीत टिकायचं किंवा गावी जाऊन सासऱ्यांबरोबर माडांना पाणी घालायचं, एवढंच उरलं होतं.

सामान बांधायच्या दिवशी विमलानं सांगितलं की प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहा, म्हणजे तिकडं शोधाशोध नको. गुणाजीनं पहिल्या खोक्यावर ‘स्वयंपाकघर’ लिहायला घेतलं. अक्षर चांगलं यावं म्हणून आधी पेन्सिलनं रेघा मारल्या. मग ‘स्व’ला सावली दिली. मग वेलबुट्टी आली, वेलीवर पोपट आला. टेम्पोवाला खाली भोंगा वाजवून वाजवून थकला, तोवर एक खोका लग्नाच्या पत्रिकेसारखा सजला होता आणि बाकीचे कोरे होते. बोरिवलीला पोचल्यावर त्या सजवलेल्या खोक्यात चपला निघाल्या.

‘सुव्यवस्था’ ही इमारत नावाप्रमाणंच होती. लिफ्टची जागा तयार होती, लिफ्ट यायची होती. कंपाउंडची भिंत तीन बाजूंनी झाली होती, चौथ्या बाजूचा विषय सभेत होता. सेक्रेटरी होते श्रीयुत चंद्रप्रकाश गुप्ते, एका सरकारी खात्यातले अधीक्षक, आणि परबांचे सख्खे शेजारी. शिस्त म्हणजे काय हे ज्याला बघायचं असेल त्यानं आपल्याकडं बघावं, असं ते दर सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली सांगत. त्यांनी गुणाजीला पहिल्याच दिवशी समजावलं की इथं दारं बंद ठेवायची पद्धत आहे. उघडं दार चाळीचं लक्षण समजलं जातं.

आणि दाराला लॅच होतं. चाळीतल्या माणसाला कडी ठाऊक, कुलूप ठाऊक. आपण न सांगता, न विचारता, आपलं आपण बंद होणारं दार ही गोष्ट गुणाजीनं आयुष्यात पाहिली नव्हती. दार ओढलं की ते लागायचं आणि किल्ली आत राहायची.

वास्तुपूजेच्या दिवशीच त्याची प्रचीती आली. नव्या घरात दूध उतू घालवायचं असतं, ते शुभ. एरवी रोज दूध उतू घालवणाऱ्या नवऱ्यावर विमलानं आज मुद्दाम ते काम सोपवलं, की निदान एक दिवस तरी त्याचं चुकणं कारणी लागावं. स्टोव्हवर पातेलं चढलं. तेवढ्यात भटजी निघाले म्हणून सगळे त्यांना पोचवायला जिन्यात आले, गुणाजीही आला, मागून खाडीचा वारा आला आणि दार लागलं. आत दूध उतू गेलं. मग आटलं. मग करपलं. उतू जाणं शुभ, पण करपण्याबद्दल शास्त्र काय म्हणतं हे भटजींना विचारलं तर ते म्हणाले की मला दहिसरला दुसरी पूजा आहे.

गुप्त्यांच्या गॅलरीतून परबांच्या गॅलरीत पाय टाकता येत होता. पण एका सदनिकेतून दुसऱ्या सदनिकेत हवाई मार्गानं प्रवेश करण्याची तरतूद नियमांत नव्हती. गुप्तेसाहेबांनी तातडीची बैठक घ्यायचं ठरवलं. बैठकीला माणसं जमेपर्यंत जिना धुरानं भरला, आणि अखेर साहेबांची पत्नी अनुपमाबाई पदर खोचून स्वतःच पलीकडं गेल्या व स्टोव्ह विझवून दार उघडून आल्या. बैठकीनं त्यांच्या कृतीला मागाहून मंजुरी दिली.

त्यानंतर गुणाजी दिवसाआड जिन्यात बसलेला दिसू लागला. पेपर घ्यायला बाहेर आला, दार लागलं. कोणी हाक मारली म्हणून बघायला आला, दार लागलं. एकदा तर लॅच कसं चालतं ते नीट बघावं म्हणून बाहेरून निरखत होता, तेव्हा लागलं. विमलानं किल्ली दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घातली, तर आंघोळीला जाताना त्यानं ती काढून ठेवली, ती साबणाच्या डब्यात सापडली. विमला एरवी त्याला अहो-जाहो करायची, पण डोकं फिरलं की सरळ मालवणीत शिरायची. त्या दिवशी तिनं त्याला विचारलं की किल्ली राहू दे, डोक्यां खंय ठेवलात.

शेवटी नळानं वाट लावली. बोरिवलीत तेव्हा पाणी यायचं ते स्वतःच्या मर्जीनं. गुणाजीनं नळ उघडला, पाणी नाही, म्हणून नळ तसाच ठेवून तो कचेरीत गेला. पाणी अकरा वाजता आलं. ते मोरी भरून, घर ओलांडून, उंबऱ्याखालून जिन्यात उतरलं आणि तळमजल्यावर खजिनदार धोंडू राऊत यांच्या पलंगाखाली जाऊन थांबलं.

संध्याकाळी नवराबायको जिना पुसत होते. येणाराजाणारा त्यांच्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होता.

“विमल, मी विसरतो म्हणजे मला फिकीर नाही असं नाही गं,” तो म्हणाला. “मनात सगळं असतं. पण ज्या वेळी हवं त्या वेळी हाताशी येत नाही. मलाही राग येतो माझा.”

विमलानं फडकं पिळलं. “मला काय ते ठाऊक नाही? ठाऊक आहे म्हणून तर पुसतेय,” ती म्हणाली. मग फडकं पुन्हा पायरीवर टाकत म्हणाली, “या लोकांना ठाऊक नाही, त्याची भीती वाटते.”

भीती खरी ठरली. गुणाजीचं सभासदत्व अजून मंजूर व्हायचं होतं. ते नामंजूर झालं तर फ्लॅट बिल्डरकडं परत जाणार आणि परब रस्त्यावर येणार, इतकं ते सरळ होतं. गुप्तेसाहेबांच्या हॉलमध्ये चौकशी बसली. कमिटीचे चौघं सोफ्यावर, गुणाजी स्टुलावर, विमला दारापाशी उभी.

“मिस्टर परब, आपण विसरता, हे आपल्याला मान्य आहे?” गुप्तेसाहेबांनी विचारलं.

“मान्य आहे साहेब. म्हणजे आठवतं मला. फक्त वेळेवर आठवत नाही.”

“वेळेवर न आठवणं यालाच शासकीय भाषेत विसरणं म्हणतात.”

विमला म्हणाली की मी आठवण करते ना त्यांना, यापुढं आणखी लक्ष ठेवीन. त्यावर गुप्तेसाहेब हसले. अधीक्षक हसतो तेव्हा समजावं की नियम सापडला आहे.

“वहिनी, सभासद हे होणार आहेत, तुमची आठवण नव्हे. ती बाहेरची मदत झाली. परीक्षेत शेजारच्या मुलानं उत्तर सांगितलं, तर त्याला आपण पास म्हणतो का?”

तेव्हा त्यांनी तोडगा काढला. एक आठवडा विमलानं नवऱ्याला कसलीही आठवण करायची नाही. त्यात गुणाजी चुकला नाही तर सभासद, चुकला तर नामंजूर. ज्याची काही हरकत असेल त्यानं येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर येऊन ती मांडावी. कोणाचीही हरकत नसेल तर सभासदत्व मंजूर. मात्र एक मिनिट उशिरा आलेल्याची हरकत ऐकली जाणार नाही, शिस्त म्हणजे शिस्त. गुणाजी चुकणार आणि हरकती येणार याबद्दल सोफ्यावर कोणालाच शंका नव्हती. स्टुलावरही नव्हती.

विमला मात्र हलली नाही. “म्हणजे आठवण केल्याशिवाय जो चुकतो, तो या इमारतीत राहायला लायक नाही. असंच ना?”

“तत्त्वतः, होय.”

“मग हे तत्त्व आमच्याच दाराला का?”

अनुपमाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, आणि कप वाटायचे सोडून त्या तिथंच उभ्या राहिल्या. “बरोबर बोलतेय ती,” त्या म्हणाल्या. “नियम सगळ्यांना सारखा हवा, असं झेंड्याखाली तुम्हीच सांगता.”

झेंड्याखाली सांगितलेलं घरात नाकारणं गुप्तेसाहेबांच्या शिस्तीत बसत नव्हतं. शिवाय सोफ्यावरच्या मंडळींना कल्पना भलतीच झकास वाटली. घरात आठवडाभर कोणी काही आठवण करणार नाही, म्हणजे आठवडाभर कटकट नाही. ठराव एकमतानं पास झाला. सोमवारपासून रविवार दुपारपर्यंत इमारतीत कोणीही कोणाला कसलीही आठवण करू नये. आठवण याचा अर्थ तोंडी आठवण, हातवारे, मुद्दाम खाकरणं, भुवई वर करणं आणि जेवणाचा डबा जाणून-बुजून वाटेत ठेवणं. गजराच्या घड्याळावर बरीच चर्चा झाली. गजर ही मदतच, पण निर्जीव मदत, म्हणून त्याला सूट मिळाली. घड्याळाला किल्ली मात्र ज्याची त्यानं द्यावी, असं ठरलं. ही किल्ली रोज रात्री कोण देतं, हे सोफ्यावर कोणाला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी ‘सुव्यवस्थे’त एकही गजर झाला नाही.

आता गुप्तेसाहेबांचं कसं होतं ते सांगतो. रोज सकाळी अनुपमाबाई म्हणत, ‘पंप.’ साहेब खाली जाऊन पंप सुरू करत. थोड्या वेळानं अनुपमाबाई पुन्हा म्हणत, ‘पंप.’ साहेब खाली जाऊन पंप बंद करत. या व्यवहाराला साहेब ‘पाणीपुरवठ्याची जबाबदारी माझ्यावर आहे’ असं म्हणत. सोमवारी कोणी पंप म्हणालं नाही. टाकी कोरडी राहिली. घरोघरी पुरुषमंडळींनी नळ उघडले, पाणी नाही असं पाहिलं, आणि उशीर झाला उशीर झाला करत ती तशीच कामाला पळाली. साहेब चष्मा, डबा आणि हातरुमाल यांच्याविना कचेरीत पोचले. तिथं शिपायानं रोजच्याप्रमाणं फाईल उघडून दिली, सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं, पण मधला मजकूर वाचायला चष्मा लागतो असं साहेबांच्या ध्यानात आलं आणि ते दुपारी परत आले. आल्या आल्या त्यांना पंप दिसला. दिसला म्हणून आठवला. त्यांनी तो सुरू केला आणि विजयी मुद्रेनं वर गेले. दार बंद होतं. किल्ली आत होती.

अनुपमाबाई आणि विमला इमारतीतल्या बाकी बायकांना घेऊन सकाळीच भाजीला गेल्या होत्या. भाजी घेऊन झाल्यावर परतायची काही घाई नाही, असं सगळ्याजणींना लग्नानंतर पहिल्यांदाच जाणवलं होतं.

जिन्यात गुणाजी बसला होता. त्यानं आठवडाभर रजा काढली होती, आणि विमला गेल्यावर पेपरला बाहेर आला तो तिथंच होता, पण त्याची तयारी होती. अनुभवानं त्यानं जिन्याखाली एक चटई, पत्त्यांचा जोड आणि शेंगांची पुडी ठेवलेली असे. ठेवलेली जागा एकच, त्यामुळं ती त्यालाही सापडे. त्यानं साहेबांना आदरानं जागा करून दिली, इथं वारा चांगला लागतो, भिंतही टेकायला बरी आहे असं सांगितलं, आणि पत्ते पिसले.

दोन डाव झाले. मग वरच्या मजल्यावरून पाण्याचा ओहोळ जिन्यानं खाली येऊ लागला. इमारतीतले सगळे उघडे नळ एकदम वाहू लागले होते. गुणाजीनं ते पाहिलं. पंपाचा आवाजही त्याला ऐकू येत होता. पण ठराव होता, आणि त्याचं घर त्या ठरावावर टांगलेलं होतं.

“साहेब,” त्यानं अदबीनं विचारलं, “एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली, तर ती आठवण धरतील की माहिती?”

गुप्तेसाहेबांनी पत्ते खाली ठेवले. प्रश्न त्यांच्या अखत्यारीतला होता. त्यांनी डोळे मिटून विचार केला. “जी गोष्ट मला आधी ठाऊक होती ती सांगितलीत, तर आठवण. जी ठाऊक नव्हती, ती माहिती.”

“तुम्हाला ठाऊक आहे की नाही, ते मला कसं कळावं?”

“तसा अर्ज करावा लागेल,” साहेब म्हणाले, आणि तेवढ्यात पाणी त्यांच्या पायरीवर आलं.

पंप अखेर बंद झाला, तो खालची टाकी संपली म्हणून. त्या दिवशी ‘सुव्यवस्थे’तल्या एकूण एक घरात घोट्याइतकं पाणी साचलं. एकटं परबांचं घर कोरडं ठणठणीत होतं. गुणाजी नळ उघडायलाच विसरला होता.

मग आठवडा कसा गेला विचारू नका. खजिनदार धोंडू राऊतांच्या मुलीला, राधाला, बघायला पाहुणे आले, तेव्हा धोंडूराव बनियनवर दाढी करत होते. पाहुण्यांना त्यांनी कोण हवंय म्हणून विचारलं, आणि त्या अवतारात आपलं नाव सांगायला नको म्हणून, राऊत का, असतील वरच्या मजल्यावर, असं सांगून दार लावून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचा जयवंत मामेभावाच्या लग्नाला नवा सदरा घालून, अक्षता घेऊन गेला, तर नवरानवरी आदल्याच दिवशी बोहल्यावरून उतरून देवदर्शनाला गेली होती. दर दुपारी कुणी ना कुणी किल्लीवाचून जिन्यात येऊन बसे. गुणाजी ज्याला त्याला सरकून जागा देई. चटई पुरेनाशी झाली म्हणून त्यानं सतरंजी आणली. इतकी माणसं, उघड्यावर, एकमेकांशी बोलत बसलेली त्या इमारतीनं कधी पाहिली नव्हती, आणि गुणाजीला तर चाळीत आल्यासारखं वाटू लागलं.

बायका त्या आठवड्यात काय करत होत्या, हे फारसं कोणी विचारलं नाही. गोराईहून मासे घेऊन येणाऱ्या सोनूबाईनं बुधवारी पाहिलं की या बायका पायरीवर नुसत्या बसल्या आहेत, कोणालाच पळायची घाई नाही. तिला आधी वाटलं की कोणी गेलं-बिलं की काय. खरा प्रकार कळल्यावर ती पाटी खाली ठेवून हसत सुटली, आणि रिकाम्या आहात तर समुद्र तरी बघा म्हणाली. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी मार्व्याहून होडीनं मनोरीला गेल्या. अनुपमाबाई वाळूवर पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या की माझं डोकं आज इतकं हलकं झालंय की वाऱ्यानं उडेल. या डोक्यात पंप, चष्मा, डबा, औषधाच्या गोळ्या, नणंदेचं डोहाळजेवण आणि साहेबांच्या साहेबांच्या मुलाचं नाव, एवढं सगळं गेली कित्येक वर्षं मुक्कामाला होतं. विमला मात्र हसता हसता बोटांवर दिवस मोजायची. रविवार जवळ येत होता.

शनिवारी जिन्यात गुप्तेसाहेब आणि गुणाजी दोघंच होते. साहेबांची दाढी वाढली होती, सदऱ्याचं एक बटण भलत्याच काजात होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “परब, तुमचं रोज असंच असतं?”

“रोज, साहेब.”

“मग तुम्ही काय करता?”

“काय करणार. लोक बोलतात, ते ऐकून घ्यायचं. मग पुन्हा उठायचं, पुन्हा सुरू करायचं.”

साहेबांचा हात सदऱ्याच्या बटणाकडं गेला. माणूस बदलतोय की काय, अशी शंका यावी असा तो क्षण होता. मग त्यांनी बटण सोडवून बरोबर काजात घातलं, आणि क्षण गेला.

रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर बायका जमल्या. त्या सभासद नव्हत्या, सगळे फ्लॅट नवऱ्यांच्या नावे. पापड वाळत घालायला आल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. विमलाच्या हातात पापड तसाच राहिला होता. तिचे कान जिन्याकडं होते. एक माणूस वर आला असता, एकानं ‘माझी हरकत आहे’ म्हटलं असतं, तरी तिचं घर गेलं असतं. दहा वाजले. कोणी आलं नाही. आणि मग जिन्यात पावलं वाजली.

अनुपमाबाईंनी विमलाचा हात धरला. पावलं वर आली आणि दारात गुणाजी उभा राहिला, हातात पक्कड. काहीतरी दुरुस्त करायला निघालो होतो, पण पक्कड कुठल्या कामाला घेतली तेच आठवेना म्हणून वर बघायला आलो, असं तो म्हणाला. मग इतक्या बायका एकदम पाहून त्यानं विचारलं, “आज काय आहे?”

आठवणबंदी दुपारपर्यंत होती. विमलाला सांगता येईना. तिनं तोंडात पदर धरला, आणि ती हसतेय की रडतेय हे गुणाजीला कळलं नाही. तो थोडा वेळ थांबला, एक पापड सरळ केला आणि खाली गेला. हरकत शून्य. सभासदत्व मंजूर.

सोमवारी बातमी कळली तेव्हा कमिटी खवळली. पण शिस्त म्हणजे शिस्त, एक मिनिट उशिरा आलेली हरकत ऐकायची नव्हती, आणि ही तर एक दिवस उशिरा आली होती. गुप्तेसाहेबांनी खुलासा केला की आपण सभा विसरलो नव्हतो, आपण व्यापात होतो. हा फरक महत्त्वाचा आहे. ज्याच्या हाताखाली आठवण करून देणारं माणूस असतं त्याला विसराळू म्हणत नाहीत, साहेब म्हणतात. पुढच्या बैठकीत कमिटीनं असा निष्कर्ष काढला की प्रयोग यशस्वी झाला, सभासद मुळातच शिस्तप्रिय आहेत, व त्या आठवड्यातली गैरसोय केवळ पाणीटंचाईमुळं झाली. आठवणबंदी तर रविवारी दुपारीच उठली होती. सोमवारी सकाळी अनुपमाबाई म्हणाल्या, ‘पंप,’ आणि साहेबांनी पाणीपुरवठ्याची जबाबदारी पुन्हा हाती घेतली. गुणाजीनं दाराला एक धोंडा लावून दार उघडं ठेवायला सुरुवात केली. त्याबद्दल त्याला नोटीस द्यायचं ठरलंय, पण ती लिहायला कोणाच्या लक्षात राहत नाही.

तुम्ही हे सगळं वाचलंत आणि हसलात. आमच्याकडं बुवा असं नाही, आमचं सगळं वेळच्या वेळी असतं, असंही मनात आलं असेल. असेल, नाही म्हणत नाही. तुमची ती शिस्त या घटकेला बहुधा आत चहा टाकत असेल. तिचा वाढदिवस कधी असतो, तेवढं फक्त तिला न विचारता सांगा.